पोटखराब

जमिनीच्या कागदात एक शब्द असतो, पोटखराब. ज्या तुकड्यात नांगर चालत नाही, जिथं खडक वर आलाय किंवा ओढ्यानं कड खाल्लीय, त्याच्यापुढं कुण्या काळच्या तलाठ्यानं हा शब्द लिहिला आणि पुढच्या साऱ्यांनी तो मुकाट उतरवून घेतला. प्रणिता ढगे तरवडखेड नगरपरिषदेत भूमापक होती. चौदा वर्षांच्या नोकरीत तिनं हा शब्द हजारदा वाचला असेल, शेकडो वेळा स्वतः लिहिला असेल. कधी टोचला नाही. टोचला तो २०४१ च्या माघात, एका मंगळवारी, आणि तोवर त्याच्याखाली तिची सही होऊन सहा दिवस झाले होते.

सही एक्केचाळीस जागांच्या यादीवर होती. नगरपरिषदेच्या मालकीच्या, पण ‘अतिरिक्त’ ठरलेल्या जागा. तीस दिवस हरकतींसाठी, मग लिलाव. पूर्वी कुठली जागा जादा आणि कुठली गरजेची हे सभेत ठरायचं. आरडाओरडा व्हायचा, कुणी खुर्ची उचलायचं, कुणाचा मेहुणा मध्ये यायचा. आता ते ‘पदरव’ ठरवत होतं.

पदरव म्हणजे जमिनीला फुटलेले कान. गावोगाव इंटरनेटसाठी काचेचे धागे पुरलेले होतेच, केसाहून जेमतेम जाड. अशा धाग्यातून प्रकाशाचा ठोका सोडला की बहुतेक प्रकाश पुढं निघून जातो. पण काच कितीही गाळून घेतली तरी तिच्यात बारीक खडबड उरतेच, आणि तिच्यावर आदळून थोडासा प्रकाश माघारी येतो. वर कुणी पाऊल टाकलं की माती हलते, मातीबरोबर धागा अगदी नावापुरता ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश किंचित बदलतो. तो किती वेळानं माघारी आला यावरून पाऊल कुठल्या मीटरवर पडलं ते कळतं. जागेच्या कडेनं धागा पुरला तर आतलीही चाहूल लागते. गाय की कुत्रं की माणूस, हे तालावरून ओळखायचं. माणसाची पावलं सेकंदाला दोनच्या आसपास पडतात, सारख्या अंतरानं, सारख्या जोरानं.

नव्या कायद्यात एक ओळ होती: वापर म्हणजे पावलं. ज्या जागेवर वर्षभरात ठरलेली पावलं पडत नाहीत, ती जागा जनतेला नको आहे. यंत्राला मेहुणा नसतो, असं मुख्याधिकारी रणनवरे साहेब म्हणायचे आणि प्रणिताला ते मनापासून पटायचं. यंत्राला माणसाची चाल शिकवायचं काम तिनंच केलं होतं. बूट घालून, चपला घालून, ओझं घेऊन, लंगडत, पळत, ती मैलोन्मैल चालली होती. अनवाणी चालायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या मंगळवारी दुपारी शेवंतामावशी कार्यालयात आल्या. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं आया म्हणून काढली होती. अर्धं गाव पहिल्यांदा त्यांच्या हातात रडलं होतं. आल्या त्या सरळ प्रणिताच्या टेबलापाशी, आणि हातातला कागद पुढं ठेवला. कोपरे फाटलेले, डिंक सुकलेला. भिंतीवरून ओरबाडून काढावा तसा.

“ही सही तुझी हाय का गं?”

प्रणितानं वाचलं. भूखंड क्रमांक २१४, क्षेत्र बावीस गुंठे, प्रकार पोटखराब, वार्षिक वापर शून्य पावलं. सही तिचीच होती. तिनं विचारलं, कुठं लावली होती ही नोटीस.

“निजमाळावर,” शेवंतामावशी म्हणाल्या. “वहाणा काढायच्या धोंड्यावर.”

प्रणिताच्या कानात काहीतरी मिटलं. पंख्याचा आवाज बंद झाला, शेजारच्या टेबलावरचं हसणं बंद झालं.

तरवडखेडात वर्षाच्या आतलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत. गावाच्या पूर्वेला तरवडाच्या झुडपांचा एक उतार आहे, तिथं नेतात. पुरलं, हा शब्द तिथं कुणी वापरत नाही. निजवून आलो, म्हणतात. म्हणून तो निजमाळ. त्याचे नियम लहान मुलाच्या झोपेइतकेच नाजूक. धोंड्यापाशी वहाणा काढायच्या. मातीवर दगड, फूल, काही खूण ठेवायची नाही. आईनं जायचंच नाही. बापानं किंवा मामानं जायचं ते एकदाच, परतताना मागं वळून बघायचं नाही, आणि पुन्हा त्या वाटेला पाऊल टाकायचं नाही. वळून बघितलं तर निजलेलं उठतं आणि पाठच्या, पुढं होणाऱ्या लेकरांची वाट अडवून बसतं, असं म्हणतात. त्या जागेचा वापरच असा, की तिथं कुणी जायचं नाही.

जुन्या कागदात तो माळ गट नंबर अठ्ठ्याऐंशी होता. चार वर्षांपूर्वी ड्रोननं मोजणी होऊन सगळे आकडे बदलले. प्रणिता माळाला नावानं ओळखायची आणि कागदाला आकड्यानं. दोन्हींची गाठ घालून बघावी हे एका मोजणीवालीला सुचलं नाही. बावीस गुंठे, शून्य पावलं, आणि खाली सही. त्या बावीस गुंठ्यांत कुठंतरी तिची स्वतःची सहा दिवसांची मुलगी सात वर्षांपासून निजली होती.

“माझ्या हातानं गुंडाळून दिली होती तुझी,” शेवंतामावशी हळू आवाजात म्हणाल्या. “पिवळ्या दुपट्यात. दवाखान्याच्या मागच्या दारानं तुझा नवरा घेऊन गेला, मी दार धरून उभी होते. असली किती दिली असतील मी ह्या हातानं.” मग त्यांनी बोट त्या शब्दावर ठेवलं. “आन् तू काय लिवलंस? पोटखराब. कुणाचं गं? कुणाचं पोट खराब?”

शेवंतामावशी कागद तिथंच टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी ती थेट नवऱ्याच्या दुकानात गेली. गोरखचं बसस्टँडमागं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. रिक्षांच्या, पंपांच्या, कुणाच्या आजोबांच्या ऑक्सिजनच्या मशीनच्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. स्क्रू काढता काढता ऐकलं. मोठ्या गोदामाच्या कंपनीनं माळ बघून ठेवलाय, उडत्या गाड्या उतरायला सपाट जागा लागते, आधी वीस फूट खोदून सपाटी करणार आहेत, हेही तिनं सांगितलं. तो म्हणाला, मग?

सात वर्षं तो एवढंच बोलत आला होता. मुलगी गेली तेव्हा प्रणिता टाके घातलेल्या पोटानं वॉर्डात पडून होती. तो बाहेरून आला, पाय धुतलेले, विजार गुडघ्यापर्यंत ओली. निजवून आलो, म्हणाला. कुठं, तिनं विचारलं. नाही सांगायचं, तो म्हणाला. त्यानंतर ती जागा त्यांच्या घरात एका बंद खोलीसारखी राहिली. पुढं मूल झालं नाही. डॉक्टरांनी कारण नाही सांगितलं. गोरखनं विचारलंही नाही, जसं काही त्याला आधीच ठाऊक होतं.

“ते तिला उकरून काढतील, अहो,” ती म्हणाली. “मातीच्या गाडीत भरून नेतील कुठंतरी भराव घालायला. आणि तुम्ही म्हणता, मग.”

गोरखनं मान वर केली नाही. “सही तू केलीस,” तो म्हणाला.

हे खरं होतं आणि म्हणूनच तिला त्याचा एवढा राग आला, की ती तशीच पायी घरी निघाली. चालता चालता तिला जाणवलं, आपलं एकेक पाऊल खालून कुणीतरी मोजतंय. बसस्टँड, वापर भरपूर. दारूचं दुकान, वापर भरपूर. जिथं लोक थुंकतात, भांडतात, पत्ते कुटतात, तिथं वापर भरपूर. जिथं माणसानं जिवाचा तुकडा ठेवून मागं न बघता यायचं ठरवलं, तिथं शून्य.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, तिनं पदरवच्या कच्च्या नोंदी उघडल्या. यंत्र ऐकतं सगळं, मोजतं त्यातलं थोडं. उरलेलं गाळून एका कोपऱ्यात टाकून देतं. धागा पुरून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत निजमाळावर अकरा वेळा कुणीतरी आलं होतं.

अकराही वेळा चाल सारखी होती. धोंड्यापर्यंत पावलं स्पष्ट. तिथून पुढं एकदम मऊ, अंधूक, अनवाणी. आखूड पावलं, कारण दोन्ही हात पुढं धरलेला माणूस हात हलवत चालत नाही आणि हात हलले नाहीत की पाऊल लांब पडत नाही. मग थांबणं. मग कुदळीचे ठोके, मोजके, कारण खड्डा लहान. मग बराच वेळ काहीच नाही. परतीची पावलं लांब, हात मोकळे, कुठंही न अडखळता, न वळता. आणि ती पावलं पुन्हा कधीच नाहीत. कोण्या एकाच्या वेळी ते ‘काहीच नाही’ सत्तेचाळीस मिनिटं चाललं होतं.

यंत्रानं या अकरांना एक शेरा देऊन गाळलं होतं. शेरा होता, ‘वाट चुकलेले’.

तो शेराही प्रणितानंच तयार केला होता. एकदाच येऊन पुन्हा कधी न येणाऱ्या पावलांसाठी. तेव्हा तिला तो नेमका वाटला होता.

नोंदींचा कागद घेऊन ती रणनवरे साहेबांकडे गेली. साहेब तिशीच्या आतबाहेरचे, नम्र, कुणालाही बसा म्हटल्याशिवाय न बोलणारे. त्यांनी सगळं नीट पाहिलं. वाईट वाटलं म्हणाले, आणि वाटलंही असेल. मग म्हणाले, मॅडम, हे हरकतीला जोडू नका.

का, तिनं विचारलं.

“अकरा मृत्यू, अकरा खड्डे. दफनभूमी म्हणून नोंद नाही. परवानगी नाही. तुम्ही मीटरपर्यंत जागा दाखवताय. हे दाखल झालं की पोलिसांना प्रत्येक खड्डा उघडून बघावा लागेल, लेकरू कशानं गेलं म्हणून. कायदाच आहे तसा. आईबापांना बोलावतील. तुम्हाला चालेल?”

बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. प्रणिताच्या मनात आलं, हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. तिनं विचारलं, मग हरकत कशी घ्यायची.

“पावलांनी. कायद्यात दुसरा पुरावाच नाही. तीस दिवसांत वर्षाचा आकडा भरला तर जागा यादीतून आपोआप सुटते. बावीस गुंठ्यांना तीन लाख पावलं.” त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “शंभर माणसांनी रोज माळावर जाऊन शंभर पावलं चालायची. अवघड नाही. लोकांना जागा खरंच हवी असेल तर चालतील की.”

“कुणावर चालायचं साहेब?” प्रणितानं विचारलं.

साहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

निम्मे दिवस गेले. प्रणिता घरोघरी फिरली. ज्यांची लेकरं तिथं होती ती माणसं तिला दारातूनच परतवायची. एकानं तिच्या तोंडावर दार लावलं. एक म्हातारा म्हणाला, माळ वाचवायला माळ तुडवायचा, ही अक्कल तुमच्या यंत्राची की तुमची. आईनं जायचं नाही, बापानं दुसऱ्यांदा जायचं नाही. मग जाणार कोण? आणि जाऊन करणार काय, निजलेल्यांच्या छातीवर फेऱ्या मारणार? कुणी तयार होईना. प्रणितालाही कुणाला आग्रह करवत नव्हता. तिला राग येत होता तो वेगळाच. कायद्यानं एक दार ठेवलं होतं आणि ते असं बेतलं होतं, की त्यातून आत यायचं तर आधी जे वाचवायचं तेच पायाखाली घ्यायचं.

सतराव्या दिवशी सकाळी ती एकटीच माळाकडं गेली. धोंड्यापाशी शेवंतामावशी बसलेल्या दिसल्या. वहाणा काढलेल्या, पण आत गेलेल्या नव्हत्या. नोटीस लागल्यापासून रोज येऊन बसते, म्हणाल्या. राखण. हद्दीच्या आत जायची आपल्याला मनाई, पण हद्दीवर बसायची तर कुणी केलेली न्हाई.

प्रणिता त्यांच्या शेजारी टेकली. उतारावर तरवड पिवळा फुलला होता. मग शेवंतामावशींनी समोर बघतच सांगायला सुरुवात केली. कुणाची कोण, कुठल्या साली, किती वजनाची. कुणी चोवीस तास जगलेलं, कुणी नाव ठेवण्यापुरतं. बोलता बोलता त्यांचा उजवा हात आपोआप जमिनीवर पडू लागला. थाप, थाप, थाप. वॉर्डात तीस वर्षं पाळण्यातल्या लेकरांना जशा त्या थापटायच्या, तीच लय. आणि त्या लयीवर, अर्धं बोलणं अर्धं गाणं असं काहीतरी:

नीज गं साळुंके, तरवडाच्या आड,
वाऱ्या, तू येशील तर वहाणा बाहेर काढ.

प्रणिताच्या पिशवीतलं यंत्र वाजलं. पदरवच्या नोंदी दाखवणारं, कामासाठी तिच्याजवळ नेहमी असायचं, हातात मावेल एवढं. तिनं उघडून पाहिलं. भूखंड २१४. मनुष्य, चालू आहे. पावलं: चारशे बारा.

तिनं मान वळवून शेवंतामावशींच्या हाताकडं पाहिलं. धागा हद्दीवरच, वीतभर खोल पुरलेला होता. बरोबर त्यांच्या तळव्याखाली. सेकंदाला दोन, सारख्या अंतरानं, सारख्या जोरानं. चारशे वीस. चारशे चाळीस.

“मावशी,” ती म्हणाली, “थांबू नका.”

“थांबतंय कोण,” शेवंतामावशी म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सात बायका आल्या. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग मोजायचं काम यंत्रावर सोडलं. कुणी पोळ्या उरकून यायची, कुणी शाळेत तास संपवून, कुणी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत गळ्यातलं ओळखपत्र न काढता. धोंड्यापाशी वहाणांचा ढीग व्हायचा. हद्दीवर रांगेनं बसायचं, आत पाऊल नाही, आणि थापटायचं. ज्यांना त्या माळाकडं कधी बघूही दिलं नव्हतं, त्या आया. साठ वर्षांची एक होती, जिनं आपलं पहिलं लेकरू बघितलंच नव्हतं. मुलगा होता की मुलगी हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवंतामावशींनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. ते ऐकल्यावर तिचा हात जरा जोरात पडू लागला.

लय नेहमीच अंगाईची राहायची असं नाही. मधूनच कुणाला काही आठवायचं, दवाखान्यात न आलेला डॉक्टर, मधल्या दारात वाट अडवून उभी राहिलेली सासू, आणि तळवे मातीवर असे आपटायचे की शेजारच्या शेतातली ढोरं कान टवकारायची. यंत्र त्यालाही पावलंच म्हणायचं. धावणारी. मग एखादी म्हातारी शू करायची, निजलीत ती, आणि हात पुन्हा हलके व्हायचे.

नाही गं तुडवीत, बसल्या जागी थापटीते,
पोटच्या गं मातीला पदराआड लपेटीते.

गोरख आला नाही. प्रणिता रोज संध्याकाळी लाल तळवे घेऊन घरी यायची, तो खोबरेल तेलाची वाटी मुकाट तिच्यापुढं सरकवायचा.

अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा तीन लाखांच्या पुढं गेला. एकोणतिसाव्या दिवशी पदरवनं तिला प्रश्न पाठवला. असामान्य नोंद, भूखंड २१४. हालचाल हद्दीवर एकवटलेली, पुढं सरकत नाही. तपासणी अधिकाऱ्यानं खात्री करावी: मनुष्याची पावलं, होय किंवा नाही.

तपासणी अधिकारी तीच होती.

रणनवरे साहेबांचा फोन लगेच आला. त्यांनी ड्रोनची चित्रं पाहिली होती. म्हणाले, मॅडम, त्या बायका बसल्यात. चालत नाहीयेत. तुम्हाला माहितीय ‘नाही’ लिहायचंय ते. खोटं प्रमाणपत्र म्हणजे काय होतं, मी सांगायला नको.

प्रणितानं सांगितलं, खोटं प्रमाणपत्र मी मागच्या महिन्यात दिलं. एक्केचाळीस जागांना, न बघता. तेव्हा तुम्ही अभिनंदन केलं होतंत.

“ती पावलं नाहीत,” साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला.

“यंत्राला तशी ऐकू आली, साहेब. तुम्हीच म्हणता, त्याला मेहुणा नसतो.”

तिनं फोन ठेवला. पडद्यावरच्या प्रश्नाकडं पाहिलं. पावलं नव्हतीच ती. एक भूमापक म्हणून तिला ते स्वच्छ ठाऊक होतं. आणि ज्या जागेला तिनं शून्य लिहिलं तिथं शून्य नव्हतं, हेही ठाऊक होतं. पहिल्या सहीत प्रत्येक आकडा बरोबर होता आणि सगळंच खोटं होतं. तिनं ‘होय’ दाबलं. खाली शेऱ्याची चौकट होती. तिनं लिहिलं, ‘जागा वापरात आहे. पूर्वीपासून.’ मग आपल्या अधिकाराच्या आत होतं तेवढं आणखी एक केलं. जमिनीच्या प्रकारातला तो जुना शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं हे यादीत नव्हतं. यादीत गायरान होतं, खेळाचं मैदान होतं, वाहनतळ होता. तिनं चौकट रिकामी ठेवली. यंत्रानं रिकामी चौकट घेतली, कारण ती रिकामी ठेवता येणार नाही असा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तासाभरात भूखंड २१४ यादीतून गेला. आणखी तासाभरात तिच्या निलंबनाचं पत्र आलं. तिसरी गोष्ट तिच्या नजरेला पडली ती घरी जाताना. एक्केचाळीस जागा विकायचं ठरलं होतं, म्हणून पदरवनं गळालेल्या जागी लगेच दुसरी बसवली होती. दवाखान्यामागचा मोकळा तुकडा, जिथं बाळंतिणींचे नातेवाईक धुतलेली दुपटी वाळत घालतात. दोरीला पावलं नसतात. प्रणिता रस्त्यातच थांबली, मोबाईलवर हरकतीचा अर्ज उघडला आणि पदाच्या रकान्यात काही न लिहिता नाव लिहिलं. संतापाच्या भरात आडनाव दोनदा चुकलं.

तिसाव्या दिवशी दुपारी माळावर जायची खरं तर गरज नव्हती. आकडा भरला होता, जागा सुटली होती. तरी धोंड्यापाशी वहाणा होत्याच. प्रणिता रांगेत जाऊन बसली. आपली मुलगी कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ती मिळेल तिथं बसायची आणि सगळ्या माळाला मिळून थापटायची. धागा पुरून तीनच वर्षं झाली होती. सात वर्षांपूर्वीची पावलं कुठल्याच यंत्रात नव्हती.

बायकांचे हात एकाएकी थांबले. प्रणितानं वळून पाहिलं.

गोरख धोंड्यापाशी उभा होता. दुकानातून तसाच आलेला, बोटांना काळं. त्यानं चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या. आत पाऊल टाकलं नाही. हद्दीच्या कडेकडेनं, बायकांच्या पाठीमागून, तो चालत गेला. पूर्वेचा कोपरा, हिवराचं झाड, तिथून पुढं मनात काही मोजत. एका ठिकाणी थांबला. खाली बसला. आणि उजवा हात जमिनीवर ठेवला.

प्रणिता उठून गेली. त्याच्या शेजारी बसायच्या आधी तिला त्याच्या पाठीवर मारावंसं वाटलं, सात वर्षांचं मारावंसं वाटलं. ती बसली.

तो समोर बघत होता, उतारावर, सहासात पावलांपलीकडं. तिथं काहीच नव्हतं. तरवड होता.

“मी वळून बघितलं होतं,” गोरख म्हणाला.

तिला आधी कळलं नाही.

“त्या दिवशी. सगळे सांगत होते बघू नको. इथवर आलो आणि बघितलं. पिवळं दुपटं पुरतं झाकलं गेलं का, तेवढंच बघायचं होतं.” त्यानं बोटांचं काळं विजारीला पुसलं. “म्हणून पुढं काही झालं नाही आपल्याला. माझ्यामुळं.”

सात वर्षं हा माणूस तिच्या शेजारी हे घेऊन झोपत होता. प्रणिताला रणनवरे साहेबांचा राग होता, यंत्राचा होता, स्वतःच्या सहीचा होता, आणि आता या साऱ्यांच्या वर ज्यांनी एका बापाला वळून बघायचीही चोरी केली त्यांचा आला. मग तिनं विचारलं, “झाकलं होतं का?”

“झाकलं होतं,” तो म्हणाला.

तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी मातीवर ठेवला. त्याला थापटायची सवय नव्हती. त्याचा हात चुकत होता, कधी लवकर पडायचा, कधी अडकायचा. एका तालात यायला दोघांना थोडा वेळ लागला.